अवसेच्या कुर्ल्या

मुलुंड (पूर्व),
६ जानेवारी १९८५

वनमालावहिनी,

शिवदासदादा, हे पत्र तुम्हीच वाचत असणार, म्हणून आधी तुम्हाला नमस्कार आणि एक विनंती. इथेच थांबा. दारातल्या खळ्यात जे कोणी बसले असतील त्यांना बसू द्या आणि वहिनीला घेऊन आतल्या खोलीत जा. मग पुढचं वाचा, हळू आवाजात. नोव्हेंबरातलं आमचं पत्र तुम्ही खळ्यात उभं राहून वाचलंत असं कळलं. तुमची चूक नाही. पत्रावर मी तसं काही लिहिलं नव्हतं.

वहिनी, मी नलिनी. आम्ही सगळे ठीक आहोत. भाऊची या आठवड्यात दुसरी पाळी आहे. माझं ऑफिस चालू आहे. बाबांची तब्येत बरी आहे.

मला तुझ्याकडून एकच गोष्ट हवी आहे. तू शेजारच्या शकुमावशीच्या स्टोव्हवर बाबांसाठी कुर्ल्यांची जी पेज करायचीस ती कशी करायची, ते शिवदासदादांकडून लिहून पाठव. किती तांदूळ, किती पाणी, नारळाचं दूध कधी घालायचं, सगळं. मला खेकडे साफ करता येत नाहीत हे तुला माहीत आहे. तेही लिही.

वर ‘बरी आहे’ लिहिलं ते खरं नाही. खोडत नाही, कारण खाडाखोड असली की शिवदासदादा वाचताना अडखळतात असं तूच सांगायचीस. खरं असं आहे की परळच्या डॉक्टरांनी गेल्या मंगळवारी बाबांचा घसा तपासला आणि विजेचे शेक चांगले लागू पडले, गाठ बसली, असं म्हणाले. मग काट्यावर उभं केलं. तू होतीस तेव्हा शेहेचाळीस किलो भरले होते. आता अडतीस. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, “रोगाचं आम्ही बघितलं. पोटाचं तुम्ही बघायचं. असंच चाललं तर रोग राहील बाजूला आणि माणूस जाईल.” मी मान हलवली. घरात मीच एक शिकलेली, म्हणून डॉक्टर मला सांगतात. मी पुढे कुणाला सांगू?

आई डाळीचं पाणी करते, साबुदाण्याची खीर पातळ करून देते, दूध देते. बाबा दोन चमचे घेतात आणि मान फिरवतात. आवाज अजून आलेला नाही, त्यामुळे का नको ते सांगता येत नाही.

आईला हे पत्र माहीत नाही. नवस अजून तसाच आहे. बाबा बरे होईपर्यंत घरात मासळी शिजणार नाही असं गणपतीत तिने रवळनाथाला सांगितलं, त्यात तिने एका दिवसाचीही सूट घेतलेली नाही. ती स्वतः किती वाळली आहे ते तू बघायला हवंस.

मी शकुमावशीकडेच करीन.

तुझी,
नलिनी


मुलुंड (पूर्व),
२२ जानेवारी १९८५

वनमालावहिनी,

तुझं पत्र गुरुवारी ऑफिसच्या पत्त्यावर मिळालं. शिवदासदादांचं अक्षर सुरेख आहे. त्यांनी खाली स्वतःचं लिहिलंय, “पत्र सांगितल्याप्रमाणे आत वाचले. परंतु मला स्वतःला कमी ऐकू येत असल्याने माझा आवाज लहान होत नाही, व वनमालेच्या आई दाराआड होत्या.” ते वाचून मी दोन महिन्यांनी हसले. मग ऑफिसात सगळे बघायला लागले.

तू काहीही विचारलं नाहीस. भाऊ कसा आहे, आई काय म्हणते, काही नाही. फक्त पेज. मी तुझं सांगणं पाठ केलं आहे. पुनवेच्या कुर्ल्या घेऊ नका, पोकळ असतात. अवसेच्या घ्या, भरलेल्या असतात. उकडे तांदूळ इतके शिजवा की शीत बोटाला लागता कामा नये. कुर्ल्यांचे बारीक पाय पाट्यावर वाटा, फडक्यात घालून पिळा. मिरची नको, घसा जळेल. कोकम नको. आलं, चिमूट मिरपूड, दोन तिरफळं ठेचून टाका आणि मागून मोजून काढा. रस घातल्यावर पळी थांबवायची नाही, थांबली की फुटतो. शेवटी नारळाचं घट्ट दूध, आणि त्यानंतर उकळी नाही.

काल अवस होती, म्हणून मी परवा रविवारी गेले. खाडीवरून येणारी ती चंपा कोळीण आठवते? मी टोपलीपासून हातभर लांब उभी होते. ती ओरडली, “ए शिकलेली, जवळ ये की! त्यांच्या नांग्या बांधल्यात, तुझ्या नाही बांधल्या.” मग माझ्याकडे नीट बघून म्हणाली, “तुझ्या वयनीनं दोन म्हैने माझ्याकडनं नेल्या. कुठं गेली ती?” मी म्हटलं, गावी. ती म्हणाली, “अशी कशी मधीच गेली?” मी पैसे मोजून दिले.

आई देवळात गेली होती. शकुमावशीने कुर्ल्या मारून, साफ करून दिल्या. मी डोळे मिटले तर म्हणाली, “मिट, मिट. तुम्ही शिकलेल्या बायका सगळं डोळे मिटून करता आणि मग डोळे उघडून रडता.” वाटलं मी, पिळलं मी, पळी मी थांबवली नाही. दोन्ही तिरफळं मोजून काढली. रंग अगदी तुझ्यासारखा आला, फिकट केशरी, वर नारळाच्या दुधाची साय. वास जिन्यापर्यंत गेला म्हणून मावशीने दारात उदबत्ती लावली.

डब्यातून वाटीत ओतली आणि बाबांसमोर धरली. त्यांना वासानेच कळलं. वहिनी, त्यांचे डोळे चमकले. ते उठून बसले, स्वतःहून. आठ दिवसांत स्वतःहून बसले नव्हते. वाटी दोन्ही हातांत घेतली, वाफ तोंडावर घेतली. मग दाराकडे बघितलं. मी म्हटलं, “आई नाहीये बाबा, प्या.” त्यांनी परत दाराकडे बघितलं. मग हात मागे नेऊन मानेच्या वर, केसांवरून बोट गोल फिरवलं. मला कळायला वेळ लागला. तू अबोलीचा वळेसर माळायचीस, तिथे.

मी म्हटलं, “वहिनी गावी आहे. तिनेच सांगितलंय कशी करायची ते. तिच्यासारखीच झालीये, बघा तर.” बाबांनी वाटी खाली ठेवली. मग उचलली, सावकाश ताटलीत ओतली, सांडू न देता, आणि रिकामी वाटी पालथी घातली.

गिरणीच्या कँटीनमध्ये जेवण नको असलं की ताट पालथं घालायचे, संपाआधी तर निषेध म्हणून रोजच, असं ते सांगायचे. ते आठवून मला भीती वाटली.

ती ताटली मी शकुमावशीकडे परत नेली. ती मला म्हणाली, “तू तरी पी, वाया नको घालवू.” मी प्यायले नाही.

तेव्हापासून बाबा प्रत्येक वाटी पालथी घालतात. डाळीचं पाणी, खीर, सगळं. दिवसाला अर्धा कप दूध जातं, तेही आईने डोकं धरलं की. आईला वाटतं रोग वाढला. पेज केली नसती तर निदान दोन-दोन चमचे घेत राहिले असते. मी चांगलं करायला गेले आणि होतं तेही गेलं.

वहिनी, तू येशील का? भाऊ या शनिवारी देवगडची गाडी पकडतो आहे. तो बोलणार नाही फार, तुला माहीत आहे. पण तो येतोय.

तुझी,
नलिनी


मुलुंड (पूर्व),
४ फेब्रुवारी १९८५

वनमालावहिनी,

शिवदासदादा, हे पत्र मात्र खळ्यात वाचा. त्या दिवशी जे आठ जण होते त्यांना बोलावून घ्या, आणि तुमच्या नेहमीच्या आवाजात वाचा. तुम्हाला वाचताना लाज वाटली तरी थांबू नका.

भाऊ एकटा परत आला. उंबऱ्यात पिशवी ठेवली आणि चपला न काढता बसून राहिला. आई विचारत होती, “काय रे? काय झाला?” तो म्हणाला, “काही नाही. चहा दिला.” मला त्याने जिन्यात सांगितलं. तुझे बाबा त्याच्याशी नीटच वागले म्हणाला. पाट मांडला, मासे केले. मग म्हणाले, “जावयबापू, चेडू मी अशी धाडूचंय नाय. ह्या खळ्यात आठ माणसां होती, तुमच्या आवशीचा पत्र त्यांच्यासमोर वाचल्यानी. आता त्याच आठांसमोर तिचा दुसरा पत्र वाचूक होया. मगे न्हेवा.” भाऊ म्हणाला, घरून तार करायला सांगतो. तर म्हणाले, “तारेत माणूस बोलणा नाय. पोस्टमास्तर बोलता.”

तू दाराशी उभी होतीस आणि एवढंच विचारलंस म्हणे, “मामांजी किती घेतत?” भाऊने खरं सांगितलं. तू आत गेलीस.

तुला माहेरी धाडल्यावर गेलेलं ते नोव्हेंबरातलं पत्र आईचं आहे, पण हात माझा आहे. आई सांगत गेली, मी लिहीत गेले. ‘तुमच्या मुलीने आमचा नवस बाटवला.’ लिहिलं. ‘सासऱ्याच्या जिवावर उठली.’ लिहिलं. ‘दिव्यासमोर उभी राहून तोंडातून शब्द काढला नाही, एवढी निगरगट्ट.’ तेही लिहिलं. मग आईच्या पद्धतीप्रमाणे तिला पहिल्यापासून वाचून दाखवलं आणि तिने अंगठा उठवला. मी एखादा शब्द सौम्य करू शकले असते, तिला कळलंही नसतं. पण ऑफिसात मी साहेबांच्या चुकाही टाइप करते, विचारल्याशिवाय स्वल्पविराम बदलत नाही. मला वाटलं हा प्रामाणिकपणा आहे. ते पत्र कुठे उभं राहून वाचलं जाईल, याचा मी विचार केला नाही.

आता त्या दिवसाचं. बाबांच्या थुंकीत रक्त दिसलं तेव्हा आईने देवाच्या दिव्याशी मला बसवलं आणि विचारलं, “ह्या घरात नवस कोणी मोडलो, हात ठेवून सांग.” दिव्यावर हात ठेवून मला खोटं बोलता येत नाही. मी म्हटलं, “वहिनी डाळीचं पाणी म्हणून आणते ती कुर्ल्यांची पेज असते. शकुमावशीकडे करते.” हे खरं होतं. मग आई तुझ्याकडे वळली.

आईने दुसरा प्रश्न विचारला नाही. म्हणून मी दुसरं उत्तर दिलं नाही.

दुसरं उत्तर असं. दसऱ्यानंतर मला ताप आला होता. ऑफिसातून येताना मी शकुमावशीच्या दारात बसकण मारली होती आणि तू मला मोठा पितळी पेला भरून ती पेज दिलीस. “डाळीचं पाणी आसा, वन्सं,” म्हणालीस आणि हसलीस. पहिल्या घोटाला मला कळलं काय आहे ते. दीड महिना झाला होता घरात मासळी नसून. मी थांबले नाही. तोंडात आधी तांदळाचा गोडवा आला, मग समुद्र, मग तिरफळाची ती जिभेला आलेली झिणझिण. पेला इतका गरम होता की पदरात धरावा लागला. खाली उरलेला दाटसर रस मी बोटाने पुसून घेतला. आमच्या घरात वाद नाहीत, बाबा आजारी नाहीत, मला उद्या ऑफिसला जायचं नाही, असं काहीतरी मला त्या पाच मिनिटांत वाटलं. मला अंगभर घाम आला आणि ताप उतरला.

त्यानंतर मी चार वेळा आले. ताप नसताना. एकदा तर तू बाबांचा डबा भरलास आणि माझ्या पेल्यात थोडी कमी आली, तर मला वाईट वाटलं. हे सगळ्यात वाईट आहे. आजारी माणसाच्या वाट्याला जास्त गेलं म्हणून मला वाईट वाटलं.

आणि बाबांना माहीत होतं. तू त्यांना फसवलं नाहीस. चौकटीत उभ्या राहिलेल्या तुला त्यांनीच बोटांनी नांग्या करून दाखवल्या होत्या आणि हात जोडले होते. मी तिथे होते. नवसाची आठवण तू करून दिलीस, तर त्यांनी स्वतःच्या छातीवर हात ठेवला. माझ्यावर, असं.

आईसमोर तू यातलं काहीच बोलली नाहीस. माझ्याकडे एकदा बघितलंस. तुझ्या बघण्यात राग असता तर मला बरं वाटलं असतं. तू बहुतेक मी बोलेन म्हणून वाट बघत होतीस.

शिवदासदादा, संपलं. आता सांगा त्यांना, निगरगट्ट कोण ते.

नलिनी


मुलुंड (पूर्व),
१८ फेब्रुवारी १९८५, सोमवार, दुपार

वनमालावहिनी,

हे पत्र भाऊ स्वतः घेऊन येतो आहे. संध्याकाळची गाडी आहे. घाईत लिहिते आहे, अक्षर वाईट आहे, शिवदासदादांनी समजून घ्यावं.

तुझा निरोप मिळाला. शिवदासदादांनी लिहिलं होतं, “पत्र खळ्यात मोठ्याने वाचले. सहाच माणसे जमली, दोघे मुंबईस गेले आहेत. एक-दोन ठिकाणी मला पाणी प्यावे लागले. वनमालेचे म्हणणे तिच्याच शब्दांत देतो, ‘वन्सं, तुम्ही पियालास ता माका ठावक आसा, मीच दिलंय. तुमचा पत्र नको होता. आत्याबाईंचा होया.’”

तू बरोबर आहेस, पत्र आईचंच हवं. माझ्या कबुलीने मला हलकं वाटलं. बाबांच्या पोटात त्याने काही गेलं नाही.

मग मी एक वाईट गोष्ट केली. ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत बसून आईच्या नावाने पत्र लिहिलं. ‘माझ्याकडून रागाच्या भरात जे शब्द गेले त्याबद्दल क्षमस्व. वनमाला निर्दोष आहे. तिला पाठवून उपकृत करावे.’ तीनदा लिहून चांगल्या कागदावर उतरवलं. शाईचा पॅड ऑफिसातून आणला. आईला म्हटलं, “रेशनच्या अर्जावर अंगठा हवाय.” तिने हात पुसून अंगठा पुढे केला. वाचून दाखव म्हणाली नाही, कारण रेशनचे अर्ज ती ऐकत नाही.

ते पाकीट पाच दिवस माझ्या पर्समध्ये होतं. पोस्टाच्या पेटीपर्यंत दोनदा गेले. तू यावीस म्हणून खोटं बोलायला मी तयार झाले होते, पण तू येशील, आई दारात तुला बघेल, आणि तुला पहिल्याच शब्दाला कळेल की तिने बोलावलेलं नाही, हे डोळ्यांसमोर आलं की हात पुढे जाईना. आणि रोज घरी आले की पालथी वाटी. मला एकही गोष्ट धड करता येत नाही, खोटी पण नाही आणि खरी पण नाही.

काल शिवरात्र होती. आईचा उपास. दुपारी बाबांना तिने पाणी पाजलं तर ते ओठाच्या कडेने बाहेर आलं. मुद्दाम केलं की गिळता आलं नाही, ते आम्हाला दोघींनाही कळलं नाही. आईने पदराने त्यांची हनुवटी पुसली आणि तशीच बसून राहिली. मी पर्समधून पाकीट काढलं, तिच्यासमोर बसले आणि म्हटलं, “आई, तो अर्ज रेशनचा नव्हता. वाचते, ऐक.”

सगळं वाचलं. तिने मध्ये तोडलं नाही. संपल्यावर म्हणाली, “ही कोण बाई बोलता गो ह्या कागदात?”

“तू.”

“मी? ‘क्षमस्व’ म्हणजे काय ता माका ठावक नाय, आणि मी बोलतंय?”

तिने हात पुढे केला. “माझो अंगठो आधी परत दी.” कागदाचा तो कोपरा तिने फाडला, चुलीत टाकावा तसा स्टोव्हवर धरला आणि जळेपर्यंत बघत राहिली.

मग मी दुसरं उत्तर दिलं. दिव्यावर हात न ठेवता. ताप, पितळी पेला, चार वेळा, सगळं. आणि बाबांनी हात जोडले होते ते. बाबा जागे होते. आईने त्यांच्याकडे बघून विचारलं, “खरा काय ह्या?” त्यांनी दोन बोटांची नांगी करून दाखवली. मग हात छातीवर ठेवला.

मला वाटलं आई मला मारेल. मारलं असतं तर चाललं असतं. तिने दिव्याची वात पुढे सारली. मग विचारलं, “कशी लागली?”

मला कळेना. “काय?”

“पेज गो. कशी लागली ती सांग.”

मी सांगितलं. तुला लिहिलं होतं तसंच सांगितलं. तांदळाचा गोडवा, मग समुद्र, मग तिरफळ. आई डोळे मिटून ऐकत होती. गणपतीपासून तिनेही काही चाखलेलं नाही, सुका बांगडासुद्धा नाही. म्हणाली, “तिरफळां दोनच घालता?” मी म्हटलं, दोनच. “शाणी आसा,” म्हणाली. एवढंच. पाठ फिरवून झोपली, उपास न सोडता.

आज सोमवार. आमच्याकडे सोमवारी मासळीचं नावही काढत नाहीत हे तुला माहीत आहे. मी ऑफिसला जायला निघाले तर आई जिना चढून येत होती, हातात पत्र्याची बादली. आत सहा कुर्ल्या, नांग्या सुंभाने बांधलेल्या, वर ओलं गोणपाट. मागून शकुमावशी ओरडत होती, “रुक्मिणे, अगं आज वार काय!” आई म्हणाली, “उद्या अवस. उद्या चंपाकडे गर्दी असता.” मी ऑफिसला गेले नाही.

बादली मोरीत ठेवली आहे. आई म्हणते, नवस मासळी शिजवण्याबद्दल आहे, जित्या कुर्ल्यांचा नाही. शिजतील तेव्हा बघू. पण ती स्वतः शिजवायला तयार नाही आणि मला हात लावू देत नाही. “तेणी तिच्या हातची मागितल्यानी,” म्हणते. मी म्हटलं, तोवर काय करायचं? तिने माझ्याकडे असं बघितलं की वाटलं, मी विचारायला नको होतं.

खालचं तिने सांगितलं ते. शब्द न शब्द तिचा आहे, या वेळी माझ्या मनाने एकही नाही. शिवदासदादा, हे खळ्यात वाचा. सहा असतील तर सहा.

“व्याही, रुक्मिणी सांगता. नवस मी बोललंय. तो तुमच्या चेडवान मोडूक नाय. माझ्या घोवान मागल्यान, तिना दिल्यान. मागितल्यार देऊक होया, ता मी देऊक नाय. नवस आता मी मोडतंय, माझ्या हातान. काय होयत ता माझ्यावर. आठ माणसांत जा माझा वाचलास, ता माझा तोंड शिवाळ होता, असा समजा. वनमाला, कुर्ल्यो हाडून ठेवलंय. माका तुझ्यासारख्यो करूक येणत नाय. मामांजी वाट बघतत.”

वाचून दाखवलं. तिने एकच दुरुस्ती सांगितली. ‘असा समजा’ काढ म्हणाली, समजायचं काय त्यात, तोंड शिव्यांचा होताच. पण मी आधीच लिहून बसले होते आणि तिला म्हटलं खाडाखोड नको, तर म्हणाली, राहू दे, पण तिला सांग की मी काढूक सांगितलंय. म्हणून सांगते. अंगठा खाली आहे.

बाबांचं आज असं आहे की सकाळपासून कापसाने ओठ ओले करतो आहोत. बाजूचे डॉक्टर येऊन गेले, सलाईन लावलं, शीर दोनदा निसटली. किती दिवस, असं मी विचारलं तर म्हणाले, तुम्ही शिकलेल्या आहात, असं विचारू नका. मोरीत बादलीची खरखर सुरू झाली की बाबांचे डोळे उघडतात. मग ते मानेवरून बोट फिरवायला बघतात. हात तिथवर पोचत नाही आता. आई सांगते, “येता, येता.” ती कुणाच्या जिवावर सांगते मला माहीत नाही. भाऊ उद्या सकाळी तुझ्या दारात असेल. लगेच निघालात तर परवा सकाळी इथे. चंपा म्हणाली, गोणपाट ओलं ठेवलं तर कुर्ल्या दोन दिवस काढतात, त्यापुढे सांगता येत नाही. आई दर थोड्या वेळाने उठून पाणी शिंपडते आहे. तिच्या गुडघ्यांचा आवाज येतो.

मी मघाशी गोणपाट उचलून बघितलं. एक हलत नाही. काडीने टोचून बघितलं, तरी नाही. आईने विचारलेलं नाही.

पत्र बंद करून मी आत्ता जाऊन तिला सांगणार आहे. पाच आहेत, वहिनी. ये.

नलिनी